ब्रेकबीट आणि सॅम्पलरच्या साहाय्याने ड्रम अँड बेस: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ड्रम अँड बेस हा प्रकार १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये जंगल या शैलीतून आकाराला आला. त्याच्या मुळाशी असलेली प्रक्रिया सांगायला सोपी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीच्या आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन फंक आणि सोल ध्वनिमुद्रिकांमधून ड्रमचा मोकळा तुकडा घ्यायचा, सॅम्पलरमध्ये (ध्वनीचा नमुना साठवून वाजवणाऱ्या साधनात) त्याचा वेग वाढवायचा, त्यातले ठोके सुटे करायचे, ते नव्या क्रमाने वाजवायचे आणि त्याखाली खोल बेस ठेवायचा. गाण्यात बाकीची वाद्ये थांबतात आणि काही बार (चार-चार मात्रांचे गट) ड्रमवादक एकटाच वाजवतो, त्या भागाला ब्रेक म्हणतात. ज्यांनी संगीतनिर्मितीचे एखादे सॉफ्टवेअर उघडून पाहिले आहे, पण ब्रेक कधी कापलेला नाही, त्यांना पहिला पूर्ण ट्रॅक उभा करता यावा एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

तांत्रिक तपशिलांत शिरण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगतो. ब्रेक हा कुणा माणसाने हातांनी वाजवलेला ठेका असतो, आणि त्याचा जिवंतपणा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) यांच्या मोठ्या ठोक्यांमध्ये जितका असतो, त्याहून अधिक त्यांच्यामधल्या जेमतेम ऐकू येणाऱ्या हलक्या ठोक्यांमध्ये असतो. या हलक्या ठोक्यांना घोस्ट नोट म्हणतात. पुढचे जवळजवळ प्रत्येक तंत्र ब्रेकचा क्रम, वेग आणि पोत बदलूनही हे बारकावे शाबूत ठेवण्यासाठी आहे.

वेग आणि साधने

प्रकल्पाचा वेग मिनिटाला १७४ मात्रा एवढा ठेवावा. ही शैली साधारण १६० ते १८० या पट्ट्यात वावरते आणि आजचे बहुतेक ट्रॅक १७४ च्या आसपास असतात. या वेगाला एक मात्रा सुमारे ३४५ मिलिसेकंदांची, मात्रेचा चौथा भाग सुमारे ८६ मिलिसेकंदांचा आणि चार मात्रांचा एक बार सुमारे १.३८ सेकंदांचा होतो. हे आकडे जवळ लिहून ठेवावेत, कारण किकची शेपूट किती लांब ठेवायची, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारे साधन) किती वेळात मोकळा व्हायला हवा, डिलेचा (प्रतिध्वनीचा) काळ किती असावा, हे सारे निर्णय त्यांच्यावरूनच करायचे असतात. ठोक्यांमध्ये इतकी कमी जागा असताना अर्धा सेकंद घुमणारा स्नेअर कितीही सुंदर असला तरी पुढचे चार-पाच ठोके झाकून टाकतो.

साधन म्हणून ध्वनीचे तुकडे करून ते कळांवर मांडू शकणारा कोणताही सॅम्पलर चालतो, मग तो सॉफ्टवेअरमधला असो वा स्वतंत्र यंत्र. सुरुवातीच्या काळातील निर्माते आकाई एस९५० हा १२ बिटचा सॅम्पलर आणि त्यानंतरचे १६ बिटचे एस१००० सारखे सॅम्पलर वापरत आणि अटारी एसटी संगणकावरून ते चालवत. काहींनी अमिगा संगणकावरच्या ट्रॅकर प्रोग्रॅमवर काम केले. या यंत्रांची स्मृती अतिशय तुटपुंजी होती, त्यामुळे ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवून नमुना घ्यायचा आणि सॅम्पलरमध्ये तो सुमारे पाच सेमिटोन (अर्धस्वर) खाली उतरवायचा, अशी युक्ती केली जाई. नमुना कमी जागेत बसे, आणि खाली उतरवताना त्याला येणारा खरखरीत पोत हा त्या संगीताचा ओळखीचा रंग ठरला. आज जागेची अडचण राहिलेली नसली तरी हा पोत हवा असेल तर तीच कृती आजही करता येते.

ब्रेक निवडणे आणि तो ऐकणे

या शैलीत सर्वाधिक वापरला गेलेला ब्रेक द विन्स्टन्स या गटाच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला आहे. ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले हे चार बार सुमारे सात सेकंदांत संपतात. त्यांच्या जोडीला लिन कॉलिन्स यांच्या १९७२ मधील ‘थिंक’ या गाण्यातला ब्रेक आणि जेम्स ब्राऊन यांच्या ‘फंकी ड्रमर’ मधला क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेला ब्रेक हेही अभ्यासावेत. तिघांचा स्वभाव वेगळा आहे. पहिल्यात राइड झांजेचा सलग झणझणाट सगळ्यावर पसरलेला आहे, दुसऱ्यात टॅम्बोरिनची घाई आहे, तर तिसऱ्यात स्नेअरवरच्या घोस्ट नोटांचे विणकाम आहे.

कापायला बसण्यापूर्वी निवडलेला ब्रेक मूळ वेगात पुन्हापुन्हा ऐकून कागदावर उतरवावा, असा माझा आग्रह आहे. एका बारची सोळा घरे करावीत आणि कोणत्या घरात काय वाजते ते लिहावे. ‘आमेन’च्या पहिल्या दोन बारमध्ये किक १, ३, ११ आणि १२ या घरांत येतो, जोरकस स्नेअर ५ आणि १३ या घरांत येतो, तर हलके स्नेअर ८, १० आणि १६ या घरांत येतात. तिसऱ्या बारमध्ये शेवटचा स्नेअर अपेक्षित जागेवर न येता उशिरा येतो, आणि चौथ्या बारचे पहिले घर किकविना जाऊन पुढे झांज अनपेक्षितपणे लवकर वाजते. ही दोन बार सरळ आणि दोन बार वाकडे अशी रचना ध्यानात आली की आपल्या ट्रॅकमध्ये वळण कुठे द्यायचे याचा नमुनाच हाती लागतो.

येथे हक्कांचा विषय टाळता येणार नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणात मुद्रणाचा आणि रचनेचा असे दोन वेगळे हक्क असतात, आणि नमुना वापरलेला ट्रॅक प्रकाशित करायचा असेल तर दोन्हींची परवानगी लागते. कोलमन यांचे वादन असंख्य गाण्यांमध्ये वाजले, पण त्यासाठी त्यांना मानधन मिळाले नाही. २००६ साली त्यांचे निधन झाले. गटाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये या संगीतावर प्रेम करणाऱ्यांनी लोकवर्गणी जमवून कृतज्ञता व्यक्त केली. ही हकीगत प्रत्येक नव्या निर्मात्याला ठाऊक असली पाहिजे. प्रकाशनाचा विचार असेल तर परवान्यासह मिळणारे ब्रेकसंच वापरावेत किंवा एखाद्या ड्रमवादकाकडून मिनिटाला १३० ते १४० मात्रांच्या वेगात ठेके वाजवून घ्यावेत. दुसरा मार्ग मला अधिक प्रिय आहे, कारण त्यातून दुसऱ्या कुणाकडेही नसलेला ब्रेक मिळतो आणि वादकाला त्याचा मोबदलाही देता येतो.

छाटणी आणि वेगाचे गणित

नमुन्याची सुरुवात पहिल्या किकच्या अगदी आघातावर आणून ठेवावी. आघाताच्या आधी दहा मिलिसेकंदांची शांतता राहिली तरी पुढचा सगळा ठेका मागे पडल्यासारखा वाटतो. शेवट चौथा बार जिथे पूर्ण होतो, म्हणजे पुढच्या बारचा पहिला ठोका जिथे पडला असता, तिथे करावा. आता मूळ वेग काढता येतो: मात्रांची संख्या गुणिले ६०, भागिले सेकंद. चार बारच्या सोळा मात्रा सात सेकंदांत वाजत असतील तर मूळ वेग सुमारे १३७ येतो.

हा वेग १७४ पर्यंत नेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे तबकडी जोरात फिरवल्याप्रमाणे वेग आणि स्वर दोन्ही एकत्र चढवणे. १७४ ला १३७ ने भागले की १.२७ येतात, म्हणजे नमुना सुमारे चार सेमिटोन वर न्यावा लागतो. त्यामुळे स्नेअर आखूड आणि टणक होतो, झांज चकाकते आणि जंगलचा परिचित आवाज आपोआप मिळतो. दुसरा मार्ग स्वर तोच ठेवून काळ दाबणारे टाइमस्ट्रेच हे तंत्र वापरण्याचा आहे. पूर्ण ब्रेकवर ते सरसकट लावू नये असे मला वाटते, कारण त्यात आघात बोथट होतात, आणि ड्रममध्ये आघातापेक्षा मोलाचे काही नसते. तिसरा मार्ग सर्वांत लवचीक आहे. ब्रेकचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा १७४ च्या जाळीवर आपापल्या जागी सुरू करावा. पुढचा तुकडा सुरू होताच आधीच्याची शेपूट तुटते आणि स्वराला धक्का न लावता वेग वाढतो. १९९४ मध्ये आलेला रीसायकल हा प्रोग्रॅम याच कल्पनेवर उभा होता. व्यवहारात मी पहिल्या आणि तिसऱ्या मार्गाचा मेळ सुचवेन: नमुना दोन-तीन सेमिटोन चढवावा आणि उरलेला वेग तुकड्यांच्या मांडणीतून मिळवावा.

टाइमस्ट्रेचचा खरा उपयोग परिणाम म्हणून आहे. जुन्या आकाई यंत्रांतील पद्धत ध्वनीचे अगदी लहान भाग करून ते पुन्हापुन्हा जोडत असे, त्यामुळे खूप ताणलेल्या आवाजाला धातूसारखी गुणगुण येई. एखादा स्नेअर किंवा उच्चारलेला शब्द मूळ लांबीच्या तिप्पट-चौपट ताणला की हा परिणाम मिळतो, आणि वळणाच्या जागी एकदाच वापरला तर तो फार प्रभावी ठरतो.

तुकडे करणे

बहुतेक सॅम्पलर आघात ओळखून आपोआप कापतात. ती कापणी कच्ची समजावी आणि प्रत्येक खूण डोळ्यांनी व कानांनी तपासावी. काप आघाताच्या किंचित आधी, तरंग शून्यरेषा ओलांडतो त्या जागी असावा. तसे जमत नसेल तर तुकड्याच्या सुरुवातीला व शेवटी एक-दोन मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) द्यावा, म्हणजे टिकटिक ऐकू येत नाही.

किती बारीक कापायचे हा यातला खरा प्रश्न आहे. प्रत्येक आवाज सुटा करण्याचा मोह सुरुवातीला होतो, पण तसे केले की घोस्ट नोटा त्यांच्या शेजारच्या मोठ्या ठोक्यांपासून तुटतात आणि पुढे त्या पुन्हा हाताने बसवाव्या लागतात. म्हणून प्रथम अर्ध्या मात्रेचे, म्हणजे बारमागे आठ तुकडे करावेत. अशा प्रत्येक तुकड्यात मुख्य ठोक्यामागून येणारा हलका ठोका, झांजेची उरलेली गुंज आणि वादकाची थोडी पुढेमागे झालेली चाल तशीच राहते. त्यानंतर एक स्वच्छ किक, एक जोरकस स्नेअर, एक हलका स्नेअर आणि एक झांज असे चार सुटे तुकडे वेगळे काढून ठेवावेत, जे भर घालण्यासाठी उपयोगी पडतील.

तुकडे लागोपाठच्या कळांवर मांडल्यावर सॅम्पलरमध्ये तीन गोष्टी निश्चित कराव्यात. सर्व तुकडे एकाच म्यूट गटात ठेवावेत, म्हणजे नवा तुकडा वाजताच आधीचा थांबेल. हे केले नाही तर झांजांच्या शेपट्या एकमेकींवर चढून नुसता गोंगाट होतो. एन्व्हलपचा रिलीज, म्हणजे कळ सोडल्यावर आवाज विरण्याचा काळ, पाच-दहा मिलिसेकंदांवर ठेवावा. आणि व्हेलॉसिटीचा (कळ किती जोरात दाबली याच्या मापाचा) परिणाम आवाजाच्या पातळीबरोबरच लो-पास फिल्टरवरही (वरच्या कंप्रता गाळणाऱ्या चाळणीवरही) थोडा होऊ द्यावा, कारण खरा ड्रम हळू वाजवला की तो केवळ लहान होत नाही, मंदही होतो.

ठेका लिहिणे

पहिले काम मूळ क्रम १७४ च्या वेगात जसाच्या तसा परत उभा करण्याचे आहे. तो मूळ ब्रेकसारखा वाहत नसेल तर कापणीत दोष आहे, आणि पुढे जाण्याआधी तो दुरुस्त करावा. तुकड्यांच्या जागा शंभर टक्के क्वांटाइझ करू नयेत, म्हणजे जाळीला तंतोतंत चिकटवू नयेत. मूळ वादनात जो स्नेअर काही मिलिसेकंद मागे पडत होता, तो त्याच प्रमाणात मागेच राहू द्यावा.

त्यानंतर बदल सुरू करावेत, पण एका वेळी एकच. पाचव्या आणि तेराव्या घरातला स्नेअर हा या संगीताचा कणा आहे, आणि नृत्य करणाऱ्याचे शरीर त्याच दोन ठोक्यांना धरून असते. किक मात्र मुक्त आहे. १ आणि ११ या घरांत किक ठेवला की टू-स्टेप नावाचा सरळ, धावता ठेका मिळतो. ११ च्या जागी ९ घेतला तर तोच ठेका ठाम पण जड वाटतो, आणि दोन्हींची अदलाबदल करत गेल्यास श्रोत्याला पुढचे पाऊल नेमके कुठे पडेल याची उत्सुकता राहते.

चार बारच्या वाक्यात पहिले दोन बार स्थिर ठेवावेत, तिसऱ्यात एक छोटा बदल करावा आणि चौथ्याच्या उत्तरार्धात वळण द्यावे. वळणाची काही खात्रीची रूपे आहेत. शेवटच्या मात्रेत स्नेअरचा एकच तुकडा १४, १५ आणि १६ या घरांत चढत्या व्हेलॉसिटीने वाजवता येतो. तोच तुकडा प्रत्येक वेळी एक-दोन सेमिटोन खाली उतरवता येतो. एखाद्या घराचे दोन भाग करून सुमारे ४३ मिलिसेकंदांच्या अंतराने कुरकुरणारा रोल करता येतो. झांजेचा तुकडा उलटा करून पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यात ओतता येतो. आणि सर्वांत कमी वापरले जाणारे, तरीही माझ्या मते सर्वांत परिणामकारक वळण म्हणजे दोन-तीन घरांची पूर्ण शांतता. या वेगाला पाव सेकंदाचा खंडही मोठा भासतो.

मुख्य स्नेअरची व्हेलॉसिटी १२७ पैकी ११० च्या वर आणि घोस्ट नोटांची ३० ते ६० च्या दरम्यान ठेवावी, आणि दोन हलके ठोके कधीही नेमके सारखे ठेवू नयेत. तयार ठेका तोंडाने म्हणून पाहावा. जो म्हणता येत नाही तो बहुधा ऐकणाऱ्यालाही उमगत नाही.

थर देणे

जुन्या ब्रेकमध्ये खालचा भरीवपणा क्वचितच असतो, म्हणून त्याखाली स्वतंत्र किक आणि स्नेअर ठेवतात. ब्रेकमधले १२० ते १५० हर्ट्झच्या खालचे सर्व हाय-पास फिल्टरने काढून टाकावे आणि ती जागा आखूड, स्वच्छ किकला द्यावी. स्नेअरच्या थरासाठी २०० हर्ट्झच्या आसपास अंग असलेला नमुना निवडावा. दोन्ही थरांचे आघात मोठे करून पाहत एकमेकांवर आणावेत आणि एका थराची ध्रुवता उलटी करून ऐकावे. ज्या स्थितीत आवाज अधिक भरतो ती कायम ठेवावी. थर ब्रेकला आधार देण्यासाठी आहेत, म्हणून ते बंद केल्यावर ठेका बारीक व्हावा आणि ब्रेक बंद केल्यावर तो निर्जीव व्हावा, इतका तोल असावा.

सगळे ड्रम एका गटात घेऊन थोडे सॅच्युरेशन (सौम्य विकृती) आणि कॉम्प्रेशन द्यावे. कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करण्याचा काळ, १० ते ३० मिलिसेकंदांचा ठेवला की आघात निसटून पुढे येतात आणि मागचा भाग दाबला जातो. याच गटाची जोरदार दाबलेली दुसरी प्रत मुख्य आवाजाखाली हळूच मिसळली, तर घोस्ट नोटा वर येतात. जुन्या यंत्राचा करकरीतपणा हवा असेल तर बिटक्रशर (ध्वनीचे बिट कमी करणारा परिणाम) १२ बिटवर ठेवून पाहावे.

बेस

ड्रम १७४ च्या वेगात धावत असताना बेस बहुतेकदा त्याच्या निम्म्या, म्हणजे ८७ च्या चालीने चालतो. या दोन वेगांच्या सहवासातून या शैलीची खोली तयार होते, म्हणून बेसमध्ये लांब स्वर आणि पुरेशी मोकळीक ठेवावी.

सर्वांत खालचा थर शुद्ध साइन तरंगाचा असतो. सुमारे ४१ हर्ट्झच्या ई पासून ५५ हर्ट्झच्या ए पर्यंतचा पट्टा त्यासाठी सोयीचा आहे. त्याच्या फार खाली गेल्यास बहुतेक स्पीकर तो वाजवूच शकत नाहीत, म्हणून ट्रॅकची पट्टी निवडतानाच हे लक्षात घ्यावे. हा थर पूर्णपणे मोनो ठेवावा.

त्यावरचा थर म्हणून रीस बेस शिकावा. केव्हिन सॉन्डरसन यांनी रीस या नावाने १९८८ मध्ये काढलेल्या ‘जस्ट वॉन्ट अनदर चान्स’ या ट्रॅकमधून तो आला आणि पुढे जंगलमध्ये नमुना म्हणून रुजला. दोन सॉटूथ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारखा तरंग देणारे ध्वनिस्रोत) एकमेकांपासून १० ते २५ सेंट (सेमिटोनचे शंभरावे भाग) बेसूर करावेत, लो-पास फिल्टर लावावा आणि त्यांच्या परस्परक्रियेतून उठणारी संथ घुसळण ऐकत राहावे. त्यातले १०० ते १२० हर्ट्झच्या खालचे काढून टाकून तिथे साइनचा थर बसवावा. मग विकृती, कोरस, फिल्टरची हालचाल असे हवे ते प्रयोग करून आठ बार ध्वनिरूपात मुद्रित करावेत, ते मुद्रण सॅम्पलरमध्ये घालावे आणि ब्रेकप्रमाणेच कापून वाजवावे. या रीसॅम्पलिंगमुळे सिंथेसायझरवर एका बैठकीत सुचणार नाहीत असे आवाज हाती येतात, आणि घेतलेला निर्णय कायम झाल्यामुळे काम पुढे सरकते.

रचना आणि मिश्रण

ट्रॅक सोळा आणि बत्तीस बारच्या खंडांत बांधावा. १७४ च्या वेगाला सोळा बार सुमारे २२ सेकंद चालतात. ३२ किंवा ६४ बारची प्रस्तावना, त्यानंतर बेससह मुख्य भाग, मग विसावा, दुसरा मुख्य भाग आणि डीजेला मिश्रणासाठी मोकळा शेवट, हा साचा पुरेसा आहे. दुसऱ्या मुख्य भागात ब्रेकची निराळी कापणी आणावी. नवा आवाज आणण्यापेक्षा ओळखीच्या तुकड्यांचा नवा क्रम अधिक आनंद देतो.

मिश्रणाची सुरुवात स्नेअरपासून करावी आणि बाकी सर्व त्याच्या पातळीशी जुळवावे. किक वाजताना साइडचेनने (किकच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने) सब बेस, म्हणजे खालचा साइनचा थर, तीन ते सहा डेसिबल खाली जाऊ द्यावा आणि अर्ध्या मात्रेच्या आत, म्हणजे सुमारे १७० मिलिसेकंदांपूर्वी, तो परत वर यावा. ब्रेकवर लांब रिव्हर्ब घालू नये. जागेचा भास हवा असेल तर फक्त सुट्या स्नेअरवर आखूड रिव्हर्ब द्यावा आणि त्यातले खालचे पट्टे काढावेत. मुख्य पातळीवर सुमारे सहा डेसिबल जागा मोकळी ठेवून २४ बिट वेव्ह फाइल काढावी. मग त्याच शैलीतला आवडता ट्रॅक आपल्या फाइलइतक्याच आवाजात आणून दोन्ही आळीपाळीने ऐकावेत: एकदा मोनोमध्ये आणि एकदा अगदी हळू आवाजात. हळू आवाजात स्नेअर आणि घोस्ट नोटा कळत असतील, पण बेस पूर्ण हरवत असेल, तर रीसच्या २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी भर घालावी आणि सब आहे तसाच ठेवावा.